चार नंबरची किल्ली

माणसाला आपले पूर्वज कोण होते हे जाणून घ्यायचं असतं, असं म्हणतात. बत्तीस वर्षं मी हाच धंदा केला, म्हणून सांगतो, असं काही नसतं. आपले पूर्वज मोठे होते एवढंच माणसाला ऐकायचं असतं. ते नव्हते असं सांगितलं की गिऱ्हाईक चष्मा काढतं, पुसतं, पुन्हा लावतं आणि विचारतं, "तावडे, तुम्ही नीट बघितलंत ना?"

मी नीटच बघतो. दुसरं काही मला येत नाही. एकदाच नीट बघितलं नाही, आणि ते कसं झालं हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे. संपादक फोनवर म्हणाले, "अनुभव लिहा, पण जरा हलकंफुलकं असू द्या, दिवाळीचा अंक आहे." बघतो. जमेल तेवढं हलकं ठेवतो, फुलकं तुमचं तुम्ही करून घ्या.

माझं काम म्हणजे सर्च. एखादं जुनं घर विकायचं झालं की ते आधी कोणाचं होतं, कोणाकडून कोणाकडे गेलं, मध्येच कोणी वारस उपटणार आहे का, हे तपासावं लागतं. वकीलसाहेब एसीत बसतात आणि दफ्तराची धूळ खायला माझ्यासारखा सर्च क्लार्क पाठवतात. रजिस्ट्रार कचेरी, सिटी सर्व्हे, पालिकेची जुनी बुकं, चर्चची आणि देवळांची रजिस्टरं. पानाला हात लावला की कोपरा हातात येतो. मग मी रिपोर्ट लिहायचा आणि त्याखाली सही वकिलाची. ज्याला शिंकाही येत नाहीत त्याची सही.

पुढे लोकांना नवं खूळ लागलं. घर विकायचं नाही, पाडायचं नाही, नुसतं "आमच्या घरात राणीच्या काळी कोण राहत होतं ते शोधून द्या." आता इथे मेख आहे. मालक कागदात सापडतो, राहणारा सापडत नाही. मालकाची खरेदीखतं असतात, मृत्युपत्रं असतात, भावाभावांचे दावे असतात. भाडेकरू येतो, पोरं काढतो, मरतो, जातो. त्याची सही कुठेच नसते. शिवाय गिरगावात घरांचे नंबर तीनदा बदलले आणि गल्ल्यांची नावं दोनदा. आजचं बारा नंबर तेव्हाचं चार असू शकतं. अशा वेळी आमच्या धंद्यात एकच उपाय, चतुःसीमा. जुन्या खतात लिहिलेलं असतं, पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याची विहीर. आपलं घर सापडत नसेल तर शेजाऱ्याचा कागद काढायचा. त्यात आपलं घर हमखास सापडतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, घर बघू नका, शेजार बघा.

दादरचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांच्या पणजोबांचं गिरगावात तीन मजली घर होतं आणि तिथे मोठमोठ्या लोकांच्या बैठका व्हायच्या, अशी घरातली आख्यायिका. दोन महिने खपून मला पणजोबा सापडले. घर तेच, साल अठराशे ब्याण्णवच्या आसपासचं. कोणाच्या तरी दाव्यात साक्षीदार म्हणून त्यांची जबानी होती, राहणार तळमजला, धंदा आचारी. बैठका होत असतील, पोहे हे करत असतील. प्राध्यापकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "त्या काळी लोक हौसेनं स्वयंपाक करायचे." मी म्हटलं, "हो सर, दुसऱ्यांच्या घरी जाऊन करायचे." त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. बिचाऱ्या पणजोबांनी त्या आचारीपणावर पोरं शिकवली, म्हणून हे प्राध्यापक झाले. पण ते कोण सांगणार?

परळच्या एका बाईंना आपल्या बंगलीत एखादी इंग्लिश मड्डम राहून गेली असेल अशी फार आशा होती. तिथे ट्रामची घोडी बांधायचे. ट्राम तेव्हा घोडे ओढायचे. बाईंनी पुस्तिकेत "राजेशाही अश्वशाळा" असं छापलं आणि मला एक प्रत सप्रेम भेट दिली.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत माझ्या या धंद्याची कोणाला काडीची किंमत नव्हती. बायको म्हणायची, "तुका मेलेल्यांचे पत्ते बरे गावतत, चाळीतल्या माणसांची नावां मात्र आठवनत नाय." बरोबर होतं तिचं. मेलेली माणसं पत्ता बदलत नाहीत, असा माझा समज होता.

असो. मुद्द्यावर येतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. त्यांना मी मनात हेरिटेजसाहेब म्हणायचो, इथेही तेच चालवतो. बाकीची नावंही बदलली आहेत. साहेब परदेशात नोकरी करून परतले होते आणि गिरगावात, खोताच्या वाडीच्या आसपासच्या एका गल्लीत, त्यांनी चार नंबरचं लाकडी घर घेतलं होतं. घेतल्याघेतल्या भिंतींना पिवळा रंग, खिडक्यांना निळा. ओट्यावर एक मोडका बाक. त्यावर बसायचं नाही, शेजारी उभं राहून फोटो काढायचा.

"तावडे, मला या घराचा सोल शोधून द्या," ते म्हणाले.

"सोल नाही मिळत साहेब. जन्ममृत्यूची नोंद मिळते."

ते हसले. त्यांना वाटलं मी गमतीशीर माणूस आहे.

घराबरोबर त्यांना तळमजल्यावरची भाडेकरूही मिळाली होती. अ‍ॅग्नेस बाय, वय ऐंशी, लग्न न केलेली, एकटी. आजीपासून तीन पिढ्या त्याच दोन खोल्यांत. आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. साहेब पाहुण्यांना त्यांची ओळख "आमचं लिव्हिंग हेरिटेज" अशी करून द्यायचे आणि त्यांच्या मोरीचा नळ दुरुस्त करून द्यायचं मात्र दोन वर्षं टाळत होते.

मी घर बघायला गेलो त्या दिवशी अ‍ॅग्नेस बायनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि दार लोटून घेतलं.

"तुमी जुने कागद बघता ना?"

"हो."

"मग प्लेगच्या सालात या घरात काय झालं ते बघा. काय लिव्हलं असेल ते सगळ्यांसमोर वाचा. विल्सनच्या समोर वाचा."

"तुम्हाला काही माहीत आहे का, बाय?"

"मला काय नाय माहीत. कागद काय बोलतो तेवढं बघा."

विल्सन अंकल म्हणजे शेजारच्या पाच नंबरचे. अठ्ठ्याहत्तरीचे, सभ्य, इस्त्रीच्या शर्टाशिवाय ओट्यावर न येणारे. गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस आहे, प्लेग ओसरल्यावर लोकांनी उभारलेला. दर मे महिन्यात तिथे संध्याकाळी प्रार्थना होते, रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याने क्रूसाला हार घालायचा, पुढे उभं राहून प्रार्थना म्हणायची, आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. पाळीची वही पाच नंबरात असते. विल्सन अंकलकडे ती वडिलांकडून आली होती.

त्या वहीत चार नंबरचं नाव कधीच नव्हतं. गल्लीत प्लेग चार नंबरातून आला, असं जुनी माणसं सांगून गेली होती. त्यामुळे अ‍ॅग्नेस बायची आजी मागे उभी राहिली, आई मागे उभी राहिली, आणि ऐंशी वर्षांच्या अ‍ॅग्नेस बायही मागेच उभ्या राहत होत्या. कोणी टाकून बोलत नसे. चणे उलट त्यांना दोन मुठी जास्त देत. पाळी तेवढी देत नसत. त्यांनी तीनदा जाऊन मागितली होती. विल्सन अंकल म्हणायचे, "अ‍ॅग्नेस, मी काय करू? चालत आलंय." मरायच्या आधी एकदा, एकच संध्याकाळ, आपल्या आजीचं आणि आईचं नाव पुढे उभं राहून घ्यायचं, एवढंच त्या बाईला हवं होतं.

मला तेव्हा हे ऐकून हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? शंभर वर्षांपूर्वीच्या उंदराचा राग या म्हातारीवर. शिकलेली, ऑफिसात नोकऱ्या करून रिटायर झालेली माणसं आणि डोक्यात हे भुसकट. मी कामाला लागलो तो जरा ऐटीतच.

अठराशे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या त्या प्लेगात घरोघर तपासणीवाले फिरायचे. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत. छपराची कौलं काढायची, सामान जाळायचं, भिंती चुन्याने धुवायच्या, दारावर खूण करायची. लोक प्लेगपेक्षा या तपासणीला जास्त घाबरायचे. आजारी माणसाला कोणी माळ्यावर लपवायचे, कोणी कपाटात. ज्यांना गाव होतं ते घराला कुलूप लावून गावी जायचे.

त्या सालच्या रजिस्टरात मला गल्लीचं पान सापडलं. या गल्लीचे नंबर सुदैवाने कधी बदलले नव्हते. गल्लीतली प्लेगची पहिलीच नोंद. घर नंबर चार. इझाबेल, वय एकोणीस, देशी ख्रिस्ती, प्लेगने मृत्यू. नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा. मी खूश झालो. चार नंबरात सापडली म्हणजे चार नंबरातली, दुसरी कोण असणार? अ‍ॅग्नेस बायच्या घराण्यातली कोणी सून नाहीतर बहीण. पोरांना शेजार बघायला शिकवणारा मी, शेजाऱ्याचा एकही कागद काढला नाही. कशाला काढू? घर तर सापडलं होतं.

साहेबांनी वरच्या मजल्यावर पार्टी ठेवली. चीजचे तुकडे काड्यांना टोचून ठेवलेले, वाईन, आणि गल्लीतले लोक भिंतीला चिकटून. अ‍ॅग्नेस बाय ठेवणीतला फ्रॉक घालून पहिल्या रांगेत येऊन बसल्या. विल्सन अंकलही होते. मी उभा राहिलो आणि रिपोर्ट वाचला. मालक हा, मग हा, मग हा. भाडेकरू छापखान्यातला कामगार. साहेबांचा चेहरा पडत चाललेला मला दिसत होता, न्यायाधीश नाही, समाजसुधारक नाही, साधा वैद्यसुद्धा नाही. मग मी वाचलं की या गल्लीतला प्लेगचा पहिला बळी याच घरात सापडला, इझाबेल, वय एकोणीस, बहुधा भाडेकरूंच्याच कुटुंबातली.

"फँटास्टिक," साहेब म्हणाले. टाळ्याही वाजल्या. खिळे जुळवणाऱ्यापेक्षा प्लेग बरा, त्याला जरा वजन असतं.

विल्सन अंकल हळूच म्हणाले, "म्हणजे जुनी माणसं खरंच सांगत होती."

अ‍ॅग्नेस बायनी माझ्याकडे बघितलं.  हातातला ग्लास खाली ठेवला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरून गेल्या. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मीही चीजचे चार तुकडे खाल्ले आणि घरी आलो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. साहेबांनी दरवाजाशेजारी पितळेची पाटी लावली, प्लेगचा उल्लेख ठळक. मग रविवारी सकाळी टोप्या घातलेली टोळकी यायला लागली. "गाईज, इथून सुरू झाला बरं का प्लेग," असं एक पोरगी सांगायची आणि सगळे फोन वर करायचे. अ‍ॅग्नेस बायची खिडकी त्या पाटीला लागूनच होती. तो मे महिना आला तेव्हा त्या क्रूसापाशी मागेसुद्धा उभ्या राहिल्या नाहीत, असं नंतर कळलं.

आठ-नऊ महिन्यांनी दुसऱ्याच एका कामासाठी मी पालिकेची जुनी बुकं चाळत होतो. घर रिकामं राहिलं तर मालकाला घरपट्टीत सूट मिळायची, त्यासाठी तो अर्ज करायचा आणि खरंच रिकामं आहे का हे बघायला इन्स्पेक्टर यायचा. प्लेगाच्या सालात असले अर्ज ढिगाने. पान उलटता उलटता गल्लीचं नाव दिसलं. घर नंबर चार. इन्स्पेक्टरचा शेरा होता, "घरास कुलूप. भाडेकरी सहकुटुंब वसईस गेले आहेत. किल्ली शेजारी, घर नंबर पाच." तारीख बघितली. इझाबेल सापडली त्याच्या तीन आठवडे आधीची. आणि कुटुंब परत आलं नव्हतं, कारण घर रिकामंच असल्याचा दुसरा शेरा महिन्याभरानंतरचा होता.

 गावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. कोंबड्यांना दाणे टाकायला, पाणी आलं की पिंप भरायला. आमच्या चाळीतही गणपतीला कोकणात जाताना निम्म्या किल्ल्या आमच्या खुंटीला असायच्या. ज्या घराला बाहेरून कुलूप आहे, ज्यातली माणसं वसईला आहेत, त्यात एकोणीस वर्षांची बाई शिरली कशी?

घरी आल्यावर हिला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "चूक केलंस, तर जावन तिका सांग. माका कित्याक सांगतस?"

आधी मी चर्चची रजिस्टरं काढली. जे काम वर्षापूर्वी करायचं ते आता केलं. इझाबेल सापडायच्या दोन महिने आधी गल्लीतल्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला होता. आईचं नाव इझाबेल. घर नंबर पाच. आणि दोन वर्षांनी त्या मुलाच्या बापाचं दुसरं लग्न, नोंदीत स्पष्ट लिहिलेलं, विधुर. पाच नंबरातून इझाबेलचा मृत्यू मात्र कुठेच नोंदलेला नाही. असणार कसा? तो चार नंबरच्या खात्यावर टाकून दिला होता. पोरीला प्लेग झाला, तपासणीवाले गल्लीत येणार हे कळलं, तशी सासरच्यांनी किल्ली काढली आणि तिला शेजारच्या रिकाम्या घरात नेऊन ठेवलं. आपलं छप्पर वाचलं, आपलं सामान वाचलं, छावणी चुकली. तपासणीवाल्यांनी ही कोण म्हणून विचारलं तेव्हा सगळे गप्प बसले असणार. म्हणून तो रकाना कोरा. आणि तो कोरा रकाना मी, इतक्या वर्षांचा अनुभवी माणूस, आपल्या अकलेने भरून टाकला होता.

अ‍ॅग्नेस बायच्या दारात जाऊन मी मोठ्याने म्हटलं, "बाय, मी चुकलो. कागद घेऊन आलोय."

रेडिओ बंद झाला. दार उघडलं.

मी एकेका नोंदीची नक्कल वाचून दाखवली.  संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किल्ली म्हणून लिव्हलंय? तसंच?"

"तसंच. किल्ली शेजारी, घर नंबर पाच."

त्यांनी त्या ओळीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग सांगायला लागल्या. "आजी वसईवरून आली तर छपराला कौलं नाय, सामान जळलेलं, भिंती चुन्यानं धुतलेल्या. कुलूप मात्र शाबूत. तिला लगेच कळलं. भांडायला म्हणून पाच नंबरात गेली. तिकडे ते पोर रडत होतं, आईविना. माझी आय तेवा आजीच्या अंगावर होती. आजीनं त्या पोराला उचललं नि पाजलं. वर्षभर पाजलं."

"विल्सन अंकलचे वडील?"

"तोच. आजीनं आयला शपथ घातली, आयनं मला. पोराला कळता नये त्याची आय कशी गेली. आमच्या तोंडून ते निघायचं नाय. आता तो पोरगा कदीच गेला. म्हटलं, कागदानं सांगितलं तर शपथ मोडत नाय." मग म्हणाल्या, "मी वाट बघत होते कागदाची. नि तुमी ते वाचलात."

एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर त्या बाईने मला चहा केला.

मी म्हटलं, सगळ्या गल्लीला बोलवू, मी स्वतः वाचतो, माफी मागतो. त्या म्हणाल्या, "गल्ली नको. विल्सन पुरे." नकला छातीशी धरून त्या पुढे आणि मी मागे, असे आम्ही पाच नंबरचा ओटा चढलो.

"वाच, विल्सन," त्या म्हणाल्या.

विल्सन अंकलनी वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. अ‍ॅग्नेस बायनी आजीची, दुधाची आणि शपथेची गोष्ट अगदी थोडक्यात सांगितली, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. 

"इझाबेल माझ्या पप्पांची आई," ते म्हणाले. "पप्पा सांगायचे, ती बाळंतपणाच्या दुखण्यात गावी वारली. तिचा फोटो नाही, कबर नाही. पप्पा क्रूसापाशी सगळ्यांची नावं घ्यायचे. तिचं कधीच नाही घेतलं. मी विचारलं तर म्हणायचे, घरात तशी पद्धत नाही."

 अंकलनी मांडीवरचे कागद सारखे केले, मग माझ्याकडे वळले.

"तावडे, तुम्ही सगळी रजिस्टरं बघितलीत. मला एक सांगा. तिला इकडून तिकडे नेली, तेव्हा ती गेलेली होती ना?"

अ‍ॅग्नेस बाय माझ्याकडे बघत होत्या.

"गेलेलीच असणार, अंकल," मी म्हटलं. "रजिस्टरात वेगळं काही नाही."

त्यांनी मान हलवली, बऱ्याच वेळा. मग उठून कपाटातून पाळीची वही काढली आणि येत्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेपुढे स्वतःच्या हाताने चार नंबर लिहिलं.

मला बोलावणं होतं, गेलो. अ‍ॅग्नेस बाय पुढे उभ्या होत्या. आवाज बसलेला, पण प्रार्थना सगळी पाठ. आजीचं नाव घेतलं, आईचं घेतलं, बापाचं घेतलं, आणि शेवटी इझाबेल म्हणाल्या. विल्सन अंकल मागे, भिंतीपाशी, इतकी वर्षं त्या उभ्या राहायच्या त्या जागी जाऊन उभे होते. चणे जरा खारट झाले होते. कोणी तसं म्हणालं नाही.

हेरिटेजसाहेबांना मी नवा रिपोर्ट नेऊन दिला. पाटी बदला म्हटलं. ते म्हणाले, "तावडे, ब्रास आहे ते." ती पाटी अजून तिथे आहे, आणि रविवारची टोळकीही. पाटीखाली उभं राहून मी दोनदा त्या पोरीला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "ओ काका, ग्रुप पुढे गेला."

अ‍ॅग्नेस बायना अशा चार पाळ्या मिळाल्या, मग त्या गेल्या. विल्सन अंकल गेल्या वर्षी गेले, मुलं त्यांची आधीच परदेशात. आता दुखावणारं कोणी उरलं नाही, म्हणून हे लिहितो आहे. रजिस्टरात वेगळं काही नव्हतं, हे मी अंकलना खोटं सांगितलं. नोंदीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. पार्टीत वाचायचा रिपोर्ट म्हणून, आणि घरच्यांनीच लपवली असेल असं समजून, मी तो पहिल्या वेळीच गाळला होता. तपासणीवाल्याने तिथे लिहिलं होतं, "घरास बाहेरून कुलूप. बाई शुद्धीवर. पाणी मागत होती."